काढा कुणासाठी होता?

बाटली पाण्याची होती, पण आत पाणी नव्हतं. वाघ सिस्टरनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. आत हिरवट-तपकिरी रस होता, तळाशी थोडा गाळ. मी वास घेतला. कडवट वास, ओली काडी मोडल्यावर येतो तसा.

"गुळवेल," मी म्हणाले.

"सात नंबरच्या पेशंटच्या बहिणीकडे सापडली. पदराखाली धरून आत आल्या होत्या," सिस्टर म्हणाल्या.

सात नंबरच्या बेडवर लीलाबाई होत्या. त्यांचे डोळे पिवळे होत चालले होते आणि का होतायत ते आम्हाला कळत नव्हतं. त्यामुळे ती बाटली टेबलावर आली तेव्हा आयसीयूतले सगळेच जरा सैलावले. चोर सापडला होता.

मी आयसीयूची डॉक्टर आहे. आमच्यासारख्यांना इंटेन्सिव्हिस्ट म्हणतात. लोक विचारतात, हार्टचे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे, मग तुम्ही नक्की कशाच्या? मी सांगते, पेशंटचा आजार एका अवयवापुरता राहिला नाही की तो पेशंट माझा. नाशिकमध्ये हे काम करून माझे केस पांढरे झाले. स्वभाव मात्र आधीपासूनच संशयी. आमच्या घरात दूध नासलेलं नसलं तरी मी वास घेतल्याशिवाय चहा होत नाही, अशी माझ्या मिस्टरांची तक्रार आहे. असेना. आयसीयूत भोळ्या माणसाचं काम नाही. मॉनिटरची वायर निसटते आणि तो धडधाकट माणसाला मेलेला ठरवतो. लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल होते. नातेवाईक अर्धं सांगतात. आणि आम्ही डॉक्टर, आपल्याला सोयीचं तेवढंच ऐकतो.

लीलाबाई साठीच्या आसपासच्या. गिरणाऱ्याच्या बाजूला त्यांची फुलशेती, गुलाब आणि शेवंती. मुलगा संदीप देवळाली कॅम्पला शाळेत शिक्षक. वर्षभरापूर्वी लीलाबाईंच्या मानेत गाठी आल्या आणि तपासणीत लिम्फोमा निघाला. लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, जो गाठींच्या रूपात दिसतो. आमच्या हॉस्पिटलचे कॅन्सरचे डॉक्टर, डॉ. गोगटे, यांनी केमो सुरू केली. केमोबरोबर रितुक्सिमॅब नावाचं एक इंजेक्शन देतात, ते या कॅन्सरवर फार चांगलं चालतं. गाठी विरघळल्या. शेवटून दुसऱ्या केमोनंतर मात्र थंडी वाजून ताप आला, बीपी कोसळलं आणि लीलाबाई माझ्याकडे आल्या.

केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की साधा जंतूही माणसाला लोळवतो. आम्ही अँटिबायोटिक दिली, बुरशीविरुद्धचं औषध दिलं, बीपी वर ठेवणारं औषध पंपावर लावलं. ताप उतरला. बीपी सावरलं. मी संदीपला म्हणाले, आता जरा हायसं वाटू द्या. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या राउंडला मला लीलाबाईंच्या डोळ्यांचा रंग आवडला नाही.

कॅन्सरच्या पेशंटचं लिव्हर आयसीयूत बिघडलं की संशयितांची रांग लागते. रक्तात जंतू शिरले की लिव्हर बिघडतं. बीपी पडलं की बिघडतं. केमोनं बिघडतं, बुरशीच्या औषधानं बिघडतं, कॅन्सर स्वतः लिव्हरमध्ये शिरला तरी बिघडतं. आणि पंचाईत अशी की यातला प्रत्येकजण खरोखरच गुन्हेगार असू शकतो, शिवाय कधीकधी दोघंतिघं संगनमतानं करतात. त्या रांगेत आता काढ्याची बाटली येऊन उभी राहिली होती. गुळवेल लोक बिनधास्त पितात, कोविडनंतर तर घरोघरी. पण काही जणांचं लिव्हर त्यानं सुजतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे संशय हवेतला नव्हता.

मी बाटली घेऊन बाहेर गेले. सकूबाई बाकावर अगदी कडेला बसल्या होत्या, उठायला सांगितलं तर पटकन उठता यावं अशा. लीलाबाईंची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या, त्यामुळे सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. संदीपची ती मावशी आणि काकू दोन्ही. तो मावशीच म्हणायचा.

"मावशी, हे काय आहे?"

"काढा हाय."

"लीलाबाईंना कधीपासून देताय?"

"आक्काला नाय दिला. माझा हाय त्यो. मी पिते."

"तुम्हाला काय झालंय?"

"लय थकवा हाय. जेवन जात नाय."

"मग लपवून का आणला?"

"दारावरचा मानूस समदं काढून घेतो. पानी बी घेऊन जाऊ देत नाय."

हे मात्र खरं होतं. आयसीयूत बाहेरचं खाणंपिणं चालत नाही, वॉचमन पिशव्या तपासतो. पण पकडला गेलेला प्रत्येक माणूस आम्हाला असंच काहीतरी सांगतो. अंगाऱ्याची पुडी स्वतःसाठी असते, पपईच्या पानांचा रस स्वतःसाठी असतो, कुठल्याशा वैद्याच्या गोळ्याही स्वतःसाठीच असतात. मी सकूबाईंकडे नीट पाहिलं. चेहरा ओढलेला होता. पण बहीण आयसीयूत असताना कुणाचा चेहरा टवटवीत असणार?

तेवढ्यात संदीप आला. त्यानं बाटली पाहिली आणि त्याला सगळं समजलं, म्हणजे आम्हाला समजलं होतं तेवढंच. शांत मुलगा, मोजकं बोलणारा. पण त्या दिवशी त्यानं भर कॉरिडॉरमध्ये मावशीला नको नको ते सुनावलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाहेरचं काही द्यायचं नाही. तरी तू दिलंस. आईला काही झालं तर मी तुला कधीच माफ करणार नाही.

"संदीप, आक्काची शपथ," सकूबाई म्हणाल्या.

"तिची शपथ तू घेऊच नको," तो म्हणाला.

मी वॉचमनला सांगितलं, या मावशींना सध्या आत सोडू नका. ते तेव्हाही बरोबर होतं आणि आज पुन्हा तशी बाटली सापडली तर आजही मी तेच सांगेन. माझ्या पेशंटचं लिव्हर पणाला लागलेलं असताना मी कुणाच्या मनाला किती लागलं ते बघत बसत नाही.

डॉ. गोगट्यांना बातमी कळली तेव्हा ते जवळजवळ हसले.

"सुटलो, मॅडम. मला वाटत होतं माझीच केमो नडली."

मला त्यांचं ते सुटणं खटकलं. गोगटे माणूस चांगला, डॉक्टर तर उत्तमच. पण काढा सापडल्यावर केमो सुटली, माझं बुरशीचं औषध सुटलं, हॉस्पिटल सुटलं. अडकली फक्त एक बाई, जिची बाजू मांडायला कुणी नव्हतं. सगळ्यांना हवा तोच चोर इतक्या लवकर हाती लागला की मला आधी चोराचा नाही, पकडणाऱ्यांचा संशय येतो. पकडणाऱ्यांत मी स्वतःही होते, ही गोष्ट वेगळी.

काढा बंद झाला. पिवळेपणा थांबला नाही.

इथे रक्ताच्या तीन तपासण्या समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बिलिरुबिन म्हणजे तो पिवळा रंग. एसजीपीटी हा लिव्हरच्या पेशींमधला पदार्थ. पेशी फुटल्या की तो रक्तात सांडतो. आणि आयएनआर सांगतो की रक्त गोठायला किती वेळ लागतोय. रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर बनवतं, म्हणून आयएनआर वाढला की समजायचं, कारखाना बंद पडायला लागला. लीलाबाईंचे तिन्ही आकडे रोज वर चालले होते. एसजीपीटी तर हजाराच्या पुढे गेला होता.

मी गोगट्यांना फोन केला.

"काढ्याचा मार नंतरही काही दिवस राहतो, मॅडम. तुम्हालाच माहितेय."

"राहतो. पण ओसरत जातो. हा वाढतोय."

"मग तुमचं बुरशीचं औषध बंद करा."

"बदललंय. चार दिवस झाले."

मग ते म्हणाले, कॅन्सर लिव्हरमध्ये गेला असेल. सोनोग्राफी केली, सीटी केला. कुठे गाठ नाही, पित्ताच्या नळीत अडथळा नाही. संशयित एकेक करून घरी जात होते आणि पेशंट मात्र हळूहळू आमच्या हातून निसटत होती. लीलाबाई आता दिवसा झोपून राहायच्या, हाक मारली तर उशिरानं डोळे उघडायच्या, कधी संदीपला भलत्याच नावानं हाक मारायच्या. लिव्हर रक्तातली घाण साफ करेनासं झालं की ती मेंदूवर चढते. किडनी बंद पडली तर डायलिसिस असतं. लिव्हर बंद पडलं तर तसं भरवशाचं मशीन नाही. आणि अंगात कॅन्सर असताना लिव्हर बदलण्याचा विचारही कुणी करत नाही. म्हणजे हे लिव्हर वाचलं तर लीलाबाई वाचणार, नाहीतर नाही. मला भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मी अजून संशयी होते.

मी संध्याकाळच्या पाळीतल्या आयाबाईला बाजूला घेऊन विचारलं, बाहेरून कुणी काही आणून देतं का? ती गळ्याला हात लावून नाही म्हणाली. लीलाबाईंना नाकातल्या नळीतून पातळ आहार चालू होता. मी त्या आहाराचाही वास घेतला. वाघ सिस्टर बघत होत्या, पण हसल्या नाहीत. त्यांनीच सांगितलं की सकूबाई रोज गिरणाऱ्याहून बसनं येतात, पार्किंगजवळच्या कट्ट्यावर दिवसभर बसतात आणि संध्याकाळी परत जातात. वर येऊ द्या म्हणून कुणाला विचारतही नाहीत.

"अजून काही पाठवत असतील का वर?" मी विचारलं.

"मॅडम, त्यांना पाहून तसं वाटत नाही. जिना चढायची ताकद नाही त्यांच्यात."

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

गावाकडून सल्ले येतच होते. कावीळ आहे तर अमक्या गावी नाकात थेंब घालून उतरवतात, तमक्याकडे माळ मिळते. संदीप सगळ्यांना नाही म्हणायचा, पण त्यालाही आता धीर धरवत नव्हता. एका सकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, मावशीला बंद करून इतके दिवस झाले. हे तुमच्या औषधांनी तर होत नाही ना?"

"असू शकतं."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्याला वाटलं होतं मी चिडेन. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आयसीयूत करून चालत नाही. मी त्याला बसवून प्रत्येक औषधाबद्दल सांगितलं, कुठलं काढलं, कुठलं का काढता येत नाही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. मी म्हणाले, आज नाही.

त्याच दिवशी मी लीलाबाईंच्या मनगटातून रक्त काढत होते. हे रक्त धमनीतून घ्यावं लागतं, म्हणून मनगट उलटं करून बोटांनी नाडी शोधायची असते. कातडी हळदीसारखी पिवळी झाली होती आणि त्या पिवळ्यावर हिरवं गोंदण ठसठशीत उठून दिसत होतं. तुळशीचं रोप, त्याच्या दोन बाजूंना तीन-तीन ठिपके, खाली वेडंवाकडं नाव. मी ते आधी पाहिलं नव्हतं असं नाही. आमच्या भागातल्या त्या वयाच्या बायकांच्या हातावर गोंदण असतंच. इतकं असतं की डोळ्याला दिसत नाही. पण त्या दिवशी मला आठवलं की हेच रोप, हेच ठिपके मी दुसऱ्या एका हातावर पाहिलेत. मी बाटली पुढे धरली होती आणि ती घ्यायला जो हात आला होता, त्याच्यावर.

संदीप बाहेर होता. मी विचारलं, आईचं गोंदण कुठलं?

"माहेरचं. दिंडोरीकडे त्यांच्या गावच्या जत्रेत लहानपणी काढलंय. मावशीचं पण सेम आहे. दोघींना एकाच दिवशी बसवलं होतं. सुई टोचली तसा मावशीनं हंबरडा फोडला होता, आई अजून चिडवते तिला."

एक गोंदणारी, एक सुई, एक रंगाची वाटी, आणि रांगेत बसलेल्या पोरी. मधे सुई उकळायची पद्धत कुणाला ठाऊक असणार? रक्तातून पसरणारा कुठलाही आजार एका हातावरून दुसऱ्या हातावर जायला याहून सोपा रस्ता नाही. आणि रक्तातून पसरून लिव्हरमध्ये घर करणारा आजार म्हटलं की पहिलं नाव येतं हिपेटायटिस बी.

मी फाईल उघडली. पहिल्याच पानावर होतं, व्हायरल मार्कर्स निगेटिव्ह. म्हणजे एचआयव्ही, हिपेटायटिस बी, हिपेटायटिस सी, काही नाही. हे वाक्य केमोच्या आधी लिहिलं गेलं होतं. मग प्रत्येक ॲडमिशनला ते पुढच्या कागदावर उतरलं, तिथून त्याच्या पुढच्या, आणि शेवटी आमच्या आयसीयूच्या कागदावर. आमच्याकडे एकदा निगेटिव्ह आलेला रिपोर्ट जातीच्या दाखल्यासारखा वापरतात, जन्मभर चालतो.

मी गोगट्यांना बोलावून घेतलं.

"मार्कर्स निगेटिव्ह आहेत, मॅडम."

"कधीचे?"

"केमोच्या आधीचे."

"आत्ताचे कुठे आहेत?"

"निगेटिव्हचे पुन्हा कशाला करायचे? आयसीयूत कसा होईल नवीन हिपेटायटिस?"

"नवीन नाही. जुना. तेव्हा फक्त सरफेस तपासली होती की कोअरसुद्धा?"

त्यांचा चेहरा बदलला. त्यांना प्रश्न पूर्ण ऐकायच्या आधीच कळला होता.

तुम्हाला सांगते. हिपेटायटिस बीच्या दोन तपासण्या महत्त्वाच्या. सरफेसची तपासणी सांगते की व्हायरस आत्ता उघड फिरतोय का. कोअरची तपासणी सांगते की तो कधीतरी येऊन गेला होता का. येऊन गेला असेल तर तो पुरता जात नाही, लिव्हरच्या पेशीत गुपचूप पडून राहतो. घरात उंदीर दिसला नाही म्हणजे उंदीर नाही असं नसतं, कोपऱ्यात लेंड्या आहेत का ते पाहावं लागतं. एरवी शरीराचा पहारा असतो म्हणून तो आयुष्यभर गप्प बसतो. रितुक्सिमॅब कॅन्सरच्या पेशींबरोबर हा पहाराही उठवतं. मग व्हायरस मोकाट सुटतो आणि लिव्हर जाळतो. म्हणूनच हे इंजेक्शन सुरू करण्याआधी दोन्ही तपासण्या करायच्या असतात आणि कोअर पॉझिटिव्ह असेल तर आधीपासून संरक्षणाची गोळी द्यायची असते. पण बाहेरच्या लॅबच्या पॅकेजमध्ये सरफेसच असते, आणि निगेटिव्ह शब्द वाचला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुपारी रिपोर्ट आला. सरफेस पॉझिटिव्ह. कोअर पॉझिटिव्ह. व्हायरस किती आहे ते मोजायला रक्त मुंबईला पाठवलं, पण उत्तराची वाट न पाहता गोळी त्याच दुपारी नळीतून दिली. गोळी अगदी साधी, दिवसातून एकदा. ती व्हायरसला थांबवते. जळालेलं लिव्हर ती परत देत नाही, ते लिव्हरनं स्वतःच भरून काढायचं असतं, तेवढा वेळ पेशंटला जगवणं हे आमचं काम.

गोगटे माझ्या केबिनमध्ये येऊन बसले.

"कोअर राहिली, मॅडम. माझ्याकडून राहिली," ते म्हणाले. मग उठले आणि रितुक्सिमॅब चालू असलेल्या आपल्या सगळ्या पेशंटना त्याच दिवसापासून तपासणीला बोलवायला लागले. त्यात आणखी कुणाकुणाचं निघालं, पण वेळेत निघालं. मला त्यांचा आलेला राग इथे संपला.

संदीपला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न आईबद्दल नव्हता.

"म्हणजे मावशीनं काही दिलं नव्हतं?"

"ते मला माहीत नाही. पण हे काढ्यानं झालेलं नाही, एवढं माहीत आहे."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून पार्किंगचा कट्टा दिसतो. कट्ट्यावर त्या दिवशी कुणी नव्हतं. मला चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आठवली, पण मी बोलले नाही. त्याला ती माझ्याआधी आठवली असणार.

पुढचे दिवस वाईट गेले. आयएनआर चढतच होता आणि मी संदीपला दोनदा सांगितलं की मनाची तयारी ठेवा. मग एसजीपीटी उतरायला लागला, तरी मी विश्वास ठेवला नाही. लिव्हरच्या सगळ्याच पेशी मेल्या की फुटायला काही उरत नाही, तेव्हाही तो उतरतो. आयएनआर खाली आल्यावर मात्र मी विश्वास ठेवला. नंतर एका सकाळी लीलाबाईंनी हाक मारल्याबरोबर डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सकू कुठं हाय?"

संदीप माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, माझ्याकडे काय बघताय, जाऊन घेऊन या. आणि त्यांना सांगा, त्यांच्याही रक्ताची तपासणी करायचीय. घरातल्या सगळ्यांची करतोय, त्यांची आधी.

तो गेला आणि एकटाच परत आला. मावशी येत नाही म्हणाली. एकदा चोर ठरवलंत, आता रक्तात काय शोधताय? एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. मी संदीपला म्हणाले, तपासणीचं राहू द्या, आक्का बोलावतेय एवढंच सांगा. दुसऱ्या दिवशी सकूबाई आल्या.

आयसीयूच्या दाराशी वॉचमननं काही म्हणायच्या आत त्यांनी आपली पिशवी उलटी केली. चष्मा, रुमाल, बसची तिकिटं, अर्धी भाकरी. सगळं बाकावर पसरून त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"घ्या, तपासा. पदर बी झटकू का?"

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण त्यांच्याकडे पाहिल्यावर त्याहून दुसरंच काही वाटलं. आता मी त्यांना डॉक्टरच्या नजरेनं पाहत होते. गाल बसलेले, पाय सुजलेले, आणि डोळ्यांचा पांढरा भाग मला आवडला नाही.

"पिशवी नको, मावशी. हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. तुळस, तीन ठिपके, तीन ठिपके.

"आता गोंदनावर बी संशय हाय का?"

"आहे," मी म्हणाले. "आणि तुमच्या रक्तावर आहे. पण तुम्ही काही केलंत म्हणून नाही. तुम्हाला काही झालंय म्हणून."

त्या म्हणाल्या, आधी आक्काला बघू द्या, मग काय काढायचं ते काढा. आत गेल्या. दोघी बहिणी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी वाघ सिस्टरांपुढे हात धरला.

सकूबाईंची सरफेस पॉझिटिव्ह आली. थोरलीच्या शरीरानं लहानपणी व्हायरसला कोंडून ठेवलं होतं, धाकटीच्या शरीराला ते कधी जमलंच नव्हतं. इतकी वर्षं तो उघडपणे त्यांचं लिव्हर कुरतडत होता. सोनोग्राफीत ते कडक व्हायला लागलेलं दिसलं. आणखी काही महिने तसेच गेले असते तर पोटात पाणी झालं असतं, कदाचित रक्ताची उलटी झाली असती आणि त्या माझ्याकडे पेशंट म्हणून आल्या असत्या. गोंदणाच्या सुईतूनच हे झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. आईकडून आलं असेल, कधीकाळच्या गावच्या डॉक्टरच्या सुईतून आलं असेल. पण सुईचा संशय आला नसता तर दोघींचंही कळलं नसतं.

लय थकवा हाय, जेवन जात नाय. त्यांनी पहिल्याच दिवशी मला त्यांच्या आजाराची लक्षणं सांगितली होती, स्वच्छ. आम्हाला ती सबब वाटली. काढा त्यांचाच होता. लिव्हर थकलेलं म्हणून त्या काढा प्यायच्या, आणि तो काढा थकलेल्या लिव्हरला आणखी थकवत असणार. मी त्यांना तसं सांगितलं, काढा बंद करायला सांगितला आणि बहिणीला दिलेलीच गोळी दिली. संदीप मावशीच्या पायाशी वाकला. ती म्हणाली, ऊठ, लोकं बघतात.

लीलाबाई घरी गेल्या. गोगट्यांनी उरलेली केमो गोळीच्या संरक्षणाखाली, जरा सावकाश पूर्ण केली. या आजारात प्रत्येकजण असा परत जात नाही, हे लिहिणं मला भाग आहे. आता दोघी बहिणी फॉलो-अपला एकत्रच येतात. फुलबाजार उरकला की बसनं, एकीच्या हातात दोघींच्या फायली.

नव्या डॉक्टरांना मी ही केस शिकवते तेव्हा कोअरची तपासणी सांगते, रितुक्सिमॅब सांगते, आणि शेवटी एवढंच सांगते की संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्या, गरिबावर जास्त आणि छापील रिपोर्टवर कमी असा घेऊ नका. ते लिहून घेतात. किती लक्षात ठेवतात, याबद्दल मला शंका आहे.

परवा दोघी आल्या होत्या. रिपोर्ट चांगले होते. निघताना सकूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"पानीच हाय," त्या म्हणाल्या. "वास घेऊन बघा."

लीलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी झाकण काढलं आणि वास घेतला. पाणीच होतं.